मोटरवेवरची वायर सोडा, दिव्याचा खांब धरा

ब्रिटनमध्ये हा वाद दहा-बारा वर्षं चालू आहे, आणि माझ्या मते दोन्ही बाजू चुकीच्या चार्जरवरून भांडताहेत. पेट्रोलचं इंजिनही आहे आणि वायरीने भरायची छोटी बॅटरीही, अशा प्लग-इन हायब्रिडने सार्वजनिक चार्जर वापरावा का? इलेक्ट्रिकवाले म्हणतात, मुळीच नाही. हायब्रिडवाले म्हणतात, पैसे मोजतो, तुमचं काय जातं? मी जुनी, लहान बॅटरीची लीफ चालवतो, त्यामुळे मी कुठल्या कळपातला ते उघड आहे. तरीही आमच्या कळपाचा निम्मा युक्तिवाद मला पटत नाही.

आधी जो निम्मा पटतो तो. 2011 पासून इकोट्रिसिटी या वीज कंपनीने इथल्या मोटरवेंवरच्या थांब्यांवर चार्जर बसवायला घेतले, आणि ते फुकट ठेवले. 2014 मध्ये मित्सुबिशीची प्लग-इन आउटलँडर आली. बहुतेक हायब्रिडना जलद चार्जरचं तोंडच नसतं; हिला होतं. बॅटरी 12 युनिटची, 80 टक्के भरायला 25 मिनिटं. गणित करून पाहा: 25 मिनिटांत साडेनऊ युनिट, म्हणजे 50 किलोवॅटचा चार्जर सरासरी 23 किलोवॅटवर रखडवायचा, आणि त्यातून मिळवायचे जेमतेम पस्तीस-चाळीस किलोमीटर. थांब्यावर चार्जर असायचे एक किंवा दोन. मागे जी लीफ ताटकळलेली असायची तिची बॅटरी 24 युनिटची. थंडीत मोटरवेवर शंभर-सव्वाशे किलोमीटरवर तिचा जीव संपतो. ती न भरता निघाली तर पुढच्या थांब्याआधी कठड्याला लागून उभी राहणार आणि ट्रकवर चढून घरी जाणार. पुढच्या गाडीत मात्र पेट्रोलची टाकी आहे, आणि पंप त्याच आवारात.

पण फुकट ते पौष्टिक! जुलै 2016 मध्ये 20 मिनिटांना पाच पाउंड द्यावे लागू लागले. तेवढ्या पैशांच्या पेट्रोलवर हायब्रिड 20 मिनिटांच्या विजेपेक्षा जवळपास दुप्पट लांब जात होती. पर्यावरणाच्या काळजीपोटी वायर लावणाऱ्यांपैकी किती जणांची काळजी या हिशेबापुढे टिकली असेल, ते आपापल्या ओळखीच्या लोकांवरून ठरवावं.

आमच्या ओळखीतला एक हायब्रिडवाला मराठी माणूस अजून हटून सांगतो, ‘चार्जर सगळ्यांचा आहे.’ त्याचं बालपण बोरिवलीत गेलंय, म्हणून त्याला त्याच्याच भाषेत सांगतो. बोरिवलीचा पास काढून विरार फास्टमध्ये चढणं बेकायदा नाही. पास खरा, गाडी सगळ्यांची. पण तुला बोरिवली लोकल आहे, तुझ्यामागे फलाटावर राहिलेल्या विरारच्या माणसाला ती उपयोगाची नाही. पैसे मोजल्याने हक्क मिळतो, पण गरज काही सारखी होत नाही.

शिवाय मोटरवेवर भरलेली वीज हायब्रिडला तिथल्या तिथे वापरायची असेल तर तो तिचा सर्वांत वाईट उपयोग. एका वेगाने सुसाट जाताना पेट्रोलचं इंजिन त्यातल्या त्यात बरं चालतं. त्याची खरी उधळपट्टी गल्लीत, सिग्नलला, शाळेच्या फाटकापाशी होते. बॅटरीचा फायदा नेमका तिथेच सर्वांत जास्त.

आणि इथेच आमच्या लोकांची दुसरी बाजू सुरू होते, जी मला मान्य नाही. ‘ती पेट्रोलची गाडी आहे, पेट्रोलच जाळू दे’ असं म्हणत हे लोक सुपरमार्केटच्या आवारातल्या आणि रस्त्याच्या दिव्याच्या खांबावरच्या मंद चार्जरवरूनही हायब्रिडला हुसकतात. जाळू दे म्हणजे कुठे जाळू दे? लंडनच्या लुइशम भागात साउथ सर्क्युलर रस्त्याजवळ राहणारी एला किसी-डेब्रा 2013 मध्ये नऊ वर्षांची असताना दम्याने गेली. डिसेंबर 2020 मध्ये कॉरोनरने तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण नोंदवलं. या देशात असं पहिल्यांदाच झालं. हायब्रिडचं इंजिन जुन्या डिझेलच्या मानाने स्वच्छ असतं, मान्य. पण जी गाडी त्या रस्त्यावरून इंजिन बंद ठेवून जाऊ शकते, तिला केवळ जातीत बसत नाही म्हणून धूर सोडायला लावणं हे विरारच्या दारातल्या त्या टोळक्यासारखं झालं, जे बोरिवलीच्या माणसाला धडा म्हणून उतरूच देत नाही.

कारण न भरलेली हायब्रिड ही खरी भानगड आहे. दोन टनांच्या घरात वजन, त्यात मेलेली बॅटरी ओढायची, आणि कागदावर मात्र पुण्य. 2018 मध्ये कंपनीच्या गाड्या सांभाळणाऱ्या एका सल्लागार संस्थेचे आकडे इथे गाजले: गॅलनला 130 मैलांच्या जाहिरातीच्या जागी प्रत्यक्षात सुमारे 40. काही गाड्या परत आल्या तेव्हा वायर वेष्टनातच होती. युरोपीय आयोगाने 2024 मध्ये 2021 साली नोंदलेल्या गाड्यांचा प्रत्यक्ष इंधनखर्च तपासला, तर प्लग-इन हायब्रिडचं उत्सर्जन कागदावरच्यापेक्षा सरासरी साडेतीन पट निघालं. म्हणजे सरकारांनी वर्षानुवर्षं करसवलत दिली ती गाडीला तोंड आहे म्हणून. त्या तोंडात कधी काही घातलं का, हे विचारलं नाही. कंपनीची गाडी आणि कंपनीचं पेट्रोल कार्ड असलेला माणूस रात्री पावसात वायर कशाला उलगडेल?

म्हणून जो उलगडतो, त्याला हुसकू नका. मंद चार्जरवर कुणी वाटेत अडकलेलं नसतं; गाडी तशीही उभीच असते. हायब्रिड साधारण साडेतीन किलोवॅटनेच वीज घेते, खांबाला तेवढी झेपते, तीन-चार तासांत काम होतं. भरल्यावर गाडी हलवावी, एवढंच. आणि मोटरवेवर 80 टक्क्यांनंतर थेंबाथेंबाने शंभर गाठत बसणारे आमचे इलेक्ट्रिकवाले, हातात कॉफी, काचा वर, त्यांनी तर या वादात तोंडच उघडू नये. तेही रांग तितकीच अडवतात.

आता खांबाला वायर लावणारा कोण असतो ते पाहा. ज्याच्या घरापुढे गाडी लावायला स्वतःची जागा आहे तो रात्री घरच्या स्वस्त दराने भरतो, आणि त्या विजेवर व्हॅट 5 टक्के. जो फ्लॅटमध्ये किंवा एकाला एक चिकटलेल्या घरांच्या ओळीत राहतो त्याला रस्त्यावरच भरावं लागतं, तिथला मूळ दर जास्त आणि व्हॅट 20 टक्के. अनेकदा हे पेट्रोलपेक्षाही महाग पडतं. तरीही एखादा हायब्रिडवाला तिथे वायर लावत असेल, तर गल्लीतल्या हवेसाठी तो खिशातून पैसे घालतोय. त्याच्या काचेवर चिठ्ठ्या डकवणाऱ्यांनी ती चिठ्ठी आपल्या खासदाराला पाठवावी, त्या पंधरा टक्क्यांच्या फरकाबद्दल.