एसी घेतला, फिटिंगचे काय?





आमच्या कार्यालयात सध्या एक मोठे खोके पडून आहे. एका पालकांनी संगणक कक्षासाठी दीड टनाचा स्प्लिट एसी शाळेला भेट दिला. आम्ही तो स्वीकारला, आभार मानले आणि अजून बसवलेला नाही. “साहेब, एसी शोभेला ठेवलाय का?” असे दोघा-तिघांनी विचारूनही झाले. न बसवण्याचे कारण सांगावे आणि त्या निमित्ताने घरच्या एसीबद्दलही थोडे बोलावे, म्हणून हा लेख.

लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, उधना या भागांतील आपल्या अनेक घरांत आता एसी आला आहे. याचा आम्हाला आनंदच वाटतो. खानदेशातून आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी लूमच्या खडखडाटात आणि डाईंग मिलच्या वाफेत आयुष्य काढले. त्यांच्या नातवंडांनी मे महिन्यात गार खोलीत झोपावे, यात चैन कसली? आमची तक्रार निराळी आहे. एसीसाठी महिनोन्‌महिने हप्ते भरणारे आपण फिटिंगच्या वेळी मात्र दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतो. वायर जुनीच, प्लग इस्त्रीचा, अर्थिंग “नंतर बघू”. हिंदीत याला जुगाड म्हणतात. आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, पण हा शब्द मराठी घरात इतका रुळलेला पाहून बरे वाटत नाही.

सुरतेत राहणाऱ्याने तरी हे हलक्याने घेऊ नये. २४ मे २०१९ रोजी सरथाणा येथील तक्षशिला आर्केड या इमारतीला आग लागली आणि २२ जीव गेले. त्यांत बहुतेक वरच्या मजल्यावर क्लासला आलेली मुले-मुली होती. आगीची सुरुवात एसीच्या बाहेरच्या युनिटपासून झाल्याचे तेव्हा सांगण्यात आले. लाकडी जिना जळाला, उतरायला वाट उरली नाही, मुलांनी वरून उड्या मारल्या. इतके जीव एकट्या एसीमुळे गेले असे आम्ही म्हणत नाही. सुटकेची वाट नसणे हा त्याहून मोठा दोष होता. पण ठिणगी लहान जागीच पडते, आणि आपल्या घरांत तिला खायला काय कमी आहे? कित्येक घरी आई-बहिणी लेस-टिक्कीचे काम करतात. पॉलिएस्टर साड्यांचे गठ्ठे भिंतीला टेकून रचलेले असतात, आणि त्यांच्याच मागे बोर्ड!

दहावीच्या मुलांना यामागचे विज्ञान येते. (आम्ही वर्गात ‘प्रतिरोध’ म्हणतो, मुले ‘रोध’ म्हणून आम्हाला दुरुस्त करतात.) प्रवाह दुप्पट झाला की त्याच वायरमध्ये उष्णता चौपट होते. दीड टनाचा एसी साधारण सात-आठ अँपिअर घेतो, जुन्या पद्धतीचा सुरू होताना क्षणभर त्याहून कितीतरी जास्त. घरातला साधा पॉइंट सहा अँपिअरचा असतो. त्यावर एक्स्टेंशन लावून रात्रभर एसी चालवला तर प्लग आधी पिवळा पडतो, मग काळा, मग वास येतो. म्हणून एसीला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र वायर हवी. साधारणपणे चार चौरस मिलिमीटरची तांब्याची. स्वतंत्र एमसीबी हवा, नीट केलेले अर्थिंग हवे, आणि शॉक जिवावर बेतण्याआधी वीज तोडणारा तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबीही हवा. एमसीबी वारंवार पडतो म्हणून मोठ्या अँपिअरचा बसवून घेणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. एमसीबी वायरला वाचवण्यासाठी असतो. तो पडतो तेव्हा तक्रार करत नाही, सावध करत असतो.

बाहेरच्या युनिटचे वजन सहज तीस किलो भरते. (‘दीड टन’ हे वजन नव्हे; ते थंडावा देण्याच्या क्षमतेचे माप आहे. हा प्रश्न पाचवीतल्या मुलांइतकाच पालकांनीही विचारला आहे.) ते चार इंची कठड्यावर दोन खिळ्यांनी टांगू नका. खाली गल्लीत मुले खेळतात. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीच्या करोलबागेत असेच एक युनिट वरून पडून अठरा वर्षांचा मुलगा दगावला. आपल्याकडे दमट हवेत लोखंडी स्टँड लवकर गंजतो. दरवर्षी पावसाळ्यानंतर त्याचे बोल्ट तपासून घ्यावेत. आणि युनिट जिन्यात किंवा येण्याजाण्याच्या वाटेवर तर मुळीच नको.

गॅसबद्दल एवढेच. हल्लीच्या अनेक एसींत आर-३२ असतो, काहींत आर-२९०, म्हणजे चक्क प्रोपेन. पहिला मंदपणे पेट घेतो, दुसरा सहज. तेव्हा फिटिंग चालू असताना बिडी, अगरबत्ती काही नको. गळती तपासायला नायट्रोजन वापरतात. कोणी ऑक्सिजनचा सिलिंडर आणला तर काम तिथेच थांबवा. तेलाशी त्याची गाठ पडली की स्फोट होतो.

आता ज्याच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला, ते सांगतो. मागच्या उन्हाळ्यात शाळेसमोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक मुलगा खिडकीबाहेर अर्धा लटकून युनिट बसवत होता. ना पट्टा, ना दोर. आत एकाने त्याची पँट धरलेली. खाली आल्यावर ओळख पटली, आपलाच माजी विद्यार्थी. आम्ही रागावलो. तो हसून म्हणाला, “सर, पट्ट्याचा वेळ धरला तर दिवसाला दोन एसी कमी बसतात, आणि गिऱ्हाईक तर दोनशे कमीच करायला सांगतं.” आम्हाला उत्तर सुचले नाही. सुट्टीत आपली नववी-दहावीची मुलेही अशा कामावर हेल्पर म्हणून जातात. पालकांना विनंती आहे, त्यांना पाठवू नका. हे काम शिकायचेच असेल तर दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. चांगला धंदा आहे, नीट शिकून करावा.

राहिला शाळेचा एसी. संगणक कक्षाची वायरिंग जुनी आहे, त्याच लाइनवर सगळे संगणकही चालतात. नवीन वायर, अर्थिंग, भक्कम स्टँड आणि पट्टा लावून काम करणारा कारागीर, या सगळ्याचे एस्टिमेट आम्ही मागवले. ते एसीच्या निम्म्या किमतीएवढे आले आहे. विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत आम्ही ते ठेवणार आहोत. मंजुरी मिळेपर्यंत खोके कार्यालयातच राहील. देणगीदारांना आम्ही स्वतः भेटून हे सांगितले आहे.

आपला,
मुख्याध्यापक