एका कलेचा फरक

बालमित्रांनो, कंपासपेटीतला कोनमापक काढा बरं. त्यावरच्या शेजारशेजारच्या दोन रेघांमधला कोन म्हणजे एक अंश. वर्गात कुणी 60 च्या जागी 59 अंशांचा कोन काढला की हमखास म्हणतं, "बाई, एकानं काय होतंय?"

काय होतंय ते शेतात पाहा. तिफण हाकणारा माणूस समोरच्या धुऱ्यावरच्या बाभळीवर नजर ठेवून पहिलं तास काढतो. तिथं एकच अंश चुकला, तर 57 मीटर पुढं गेल्यावर तास एक मीटर सरकलेलं असतं. 114 मीटरवर दोन मीटर! कोन तोच, पण अंतर वाढलं की चूक वाढते. हे 57 कुठून आलं? ज्या वर्तुळाचा परीघ 360 मीटर, त्याची त्रिज्या 57 मीटरहून जराशी जास्त. म्हणजे परिघावर दर अंशाला एक मीटर. करून बघा गणित.

आता बंदुकीकडं वळू. नेमबाजाला अंश फार जाडा पडतो. म्हणून अंशाचे 60 भाग करतात. एका भागाला आपल्याकडं जुना शब्द आहे, कला. (चित्रकलेतली कला नव्हे!) कलेचे पुन्हा 60 भाग केले की विकला. नेमबाज कलेला 'मिनिट' म्हणतात. घड्याळातल्या मिनिटाशी तिचं नातं फक्त साठ भागांचं. पूर्ण वर्तुळात 360 गुणिले 60, म्हणजे 21,600 कला. शंभर मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ 628 मीटर. त्याला 21,600 नं भागा. उत्तर येतं 2.9 सेंटिमीटर. तर शंभर मीटरवर एक कला म्हणजे साधारण तीन सेंटिमीटर. पन्नास मीटरवर त्याच्या निम्मं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे तुम्हाला आठवत असेल. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलच्या तीन पोझिशन प्रकारात त्यानं कांस्यपदक मिळवलं. या प्रकारातलं भारताचं ते पहिलंच पदक. लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ असतं अवघं 10.4 मिलिमीटर व्यासाचं. पन्नास मीटरवरून ते पाऊण कलेपेक्षाही कमी दिसतं. पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा चाळिसावा भागसुद्धा नाही! गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून स्वप्नीलनं अंतिम फेरीत 44 गोळ्या झाडल्या आणि 451.4 गुण मिळवले. सरासरी दहाच्या वर. आणि रायफलवर दुर्बीण नाही बरं का, ऑलिंपिकमध्ये ती चालत नाही. बारीक भोकातून बघून नेम धरायचा.

ज्या रायफलींवर दुर्बीण असते, तिच्यावर दोन फिरक्या असतात. एक वर-खाली, दुसरी डावी-उजवी. फिरवली की टिक् असा आवाज होतो. पुष्कळ दुर्बिणींत एक टिक् म्हणजे पाव कला. समजा, शंभर मीटरवर गोळ्या मध्यापासून सहा सेंटिमीटर डावीकडं लागतायत. सहा सेंटिमीटर म्हणजे दोन कला. मग उजवीकडं आठ टिक्. पण पन्नास मीटरवर त्याच सहा सेंटिमीटरला चार कला होतात, म्हणून सोळा टिक्! लक्ष्य जवळ असताना फिरकी जास्त फिरवायची, हे पहिल्यांदा ऐकलं की उलटंच वाटतं. पण फिरकीला सेंटिमीटर कळत नाहीत. तिला कोनच कळतो.

मात्र एका गोळीवरून फिरकीला हात लावायचा नाही. आधी चार-पाच गोळ्या एकाच नेमानं झाडायच्या. एन.सी.सी.तल्या ताई-दादांना विचारा, ते याला 'ग्रुप' म्हणतात. ग्रुप घट्ट असून बाजूला पडला, तर फिरकीनं मध्यावर आणता येतो. गोळ्या चहूकडं विखुरल्या असतील, तर फिरकी कितीही फिरवा, विखुरलेला ग्रुप तसाच राहील, नुसती जागा बदलेल. तिथं श्वास, खांदा आणि चापावरचं बोट यांच्याकडं बघावं लागतं.

आता तुमच्यासाठी गणित. लक्ष्य 25 मीटरवर आहे. ग्रुप घट्ट आहे, पण मध्याच्या तीन सेंटिमीटर खाली. एक टिक् पाव कलेची. कोणती फिरकी, कुठल्या दिशेला आणि किती टिक्? वहीत सोडवा, उत्तर पुढच्या अंकात.