आफ्रिकन म्हण? कुठली आफ्रिका?

‘लवकर पोचायचं असेल तर एकटे जा, लांब जायचं असेल तर सोबत जा.’ खाली बारीक अक्षरात: आफ्रिकन म्हण.

आयटीत चार-पाच वर्षं काढलेल्या प्रत्येकाने हे वाक्य पाहिलेलं असतं. प्रेझेंटेशनची शेवटून दुसरी स्लाइड, मागे सूर्यास्त, पुढे हातात हात घालून चाललेली माणसं. अल गोर यांनी २००७ साली शांततेचं नोबेल स्वीकारताना भाषणात ते वापरलं आणि मग ते जे सुटलं ते सुटलंच!

माझा प्रश्न साधा आहे. आफ्रिकन म्हणजे नक्की कुठली हो? ५४ देश आहेत तिथे, आणि भाषा २००० च्या आसपास. उद्या कुणी ‘थेंबे थेंबे तळे साचे’ छापून खाली ‘आशियाई म्हण’ असं लिहिलं तर आपल्याला कसं वाटेल?

शिवाय या लेबलाखाली काहीही खपतं. म्हातारा माणूस गेला की एक ग्रंथालय जळून जातं, हे वाक्य तुम्हीही फॉरवर्ड केलं असेल. ही म्हण नाही. माली देशाचे लेखक अमादू हाम्पाते बा यांनी १९६० साली युनेस्कोत मांडलेला हा विचार. पण ‘आफ्रिकन म्हण’ म्हटलं की माणसाचं नाव लिहायची गरजच उरत नाही. सगळं कसं प्राचीन आणि निनावी.

‘मूल वाढवायला अख्खं गाव लागतं’ हे असंच एक. हिलरी क्लिंटन यांच्या १९९६ च्या पुस्तकाचं नाव त्यावरूनच आलं. त्याच्या जवळची एक म्हण स्वाहिलीत खरोखर आहे: ‘म्कोनो म्मोजा हाउलेइ म्वाना’. एका हाताने मूल वाढत नाही. बघा, गाव ही कल्पना झाली. हात हा अनुभव आहे. एका हातावर पोर आणि दुसऱ्या हाताने चूल सांभाळणाऱ्या बाईला ही म्हण समजावून सांगावी लागत नाही.

स्वाहिलीतलीच आणखी एक: ‘हराका हराका हाइना बराका’. घाईघाईत बरकत नाही. यातला ‘बराका’ म्हणजे आपली बरकतच, दोन्हींचं मूळ एकाच अरबी शब्दात. ‘आफ्रिकन’ या लेबलाखाली हे नातं दिसलंच नसतं.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. या म्हणी तिकडे वापरल्या कशा जातात?

केनिया-टांझानियाच्या किनाऱ्यावर बायका कांगा नावाचं सुती कापड वापरतात. रंगीत काठ, मधे नक्षी आणि काठाच्या वर छापलेली एक ओळ. बरेचदा ती म्हणच असते. नवऱ्याला, सवतीला, शेजारणीला जे तोंडावर बोलता येत नाही, ते छापलेला कांगा नेसायचा आणि समोरून जायचं. लेकी बोले सुने लागे! वर ‘मी कुठे काय म्हटलं?’ म्हणायला मोकळी :)

घानाच्या अकान लोकांत सोन्याची पूड चलन म्हणून चालायची, तेव्हा ती तोलायला पितळेची छोटी वजनं असत. त्यातल्या कितीतरी वजनांच्या आकारात एकेक म्हण असायची. दोन मगरी, पोट एकच, तरी घासासाठी भांडण. म्हणजे व्यवहाराच्या ऐन वेळी, तराजूतच म्हण.

आणि आता उबुंटू. आपल्याला हा शब्द लिनक्समुळे माहीत. २००४ साली मार्क शटलवर्थ या दक्षिण आफ्रिकी माणसाने ती सुरू केली, फुकट सीडी पोस्टाने घरी यायच्या. शब्दामागची झुलू म्हण अशी: ‘उमुंटू न्गुमुंटू न्गाबांटू’. माणूस माणूस होतो तो माणसांमुळे. टीमवर्कच्या पोस्टरसाठी अगदी फिट्ट, नाही?

पण १९९५ साली दक्षिण आफ्रिकेच्या घटनापीठापुढे माक्वान्याने खटला होता. आरोपी खुनी ठरलेले. वर्णभेदाची राजवट नुकतीच संपलेली, देशात गुन्हेगारी प्रचंड. बहुसंख्य लोकांना फाशी हवी असेल, हे न्यायालयाने गृहीतच धरलं होतं. तरीही फाशी घटनाबाह्य ठरवली, आणि अनेक न्यायाधीशांनी निकालपत्रात उबुंटूचा आधार घेतला. माणूस माणसांमुळे होतो, मग ज्याने माणूस मारला तोसुद्धा यातून सुटत नाही आणि त्याला शिक्षा देणारं सरकारही सुटत नाही. केवढी महाग म्हण! तुम्हाला निकाल पटो न पटो, म्हण मनावर घेणं म्हणजे काय ते इथे दिसतं.

माझं म्हणणं एवढंच, की जिवंत म्हण बोलणाऱ्यालाही बांधते. कांगावरची म्हण बहुतेक वेळा दुबळी बाजू सबळ बाजूला ऐकवते. स्लाइडवर नेमकं उलटं होतं. ‘सोबत जा’ हे वरचा खालच्यांना सांगतो, आणि रिलीजच्या आदल्या शनिवारी रात्री अकराला ऑफिसात कोण सोबत असतं ते आपल्याला माहीत आहे.

कुणी म्हणेल, वाक्य चांगलं आहे ना, मग कुठून आलं याने काय फरक पडतो? पडतो. कुणी कुणाला, कुठल्या प्रसंगी म्हटलं हे गाळलं की उरतं ते फक्त गुळगुळीत वाक्य. ते कुणाच्याही बाजूने वापरता येतं. शहाणपण त्या प्रसंगात असतं.

तेव्हा पुढच्या वेळी स्लाइड बनवताना दहा मिनिटं काढा. भाषा कुठली, मूळ शब्द काय, कोण कुणाला म्हणायचं ते शोधा. नाहीच सापडलं तर ‘आफ्रिकन म्हण’ तेवढं पुसून टाका. आणि सापडलं, तर ती आधी स्वतःला लावून बघा. मग टीमला दाखवा.

असो. रविवार आहे, घाई कशाला? हराका हराका...