संमती कोणाची?

मुलांना मोबाइलच्या धोक्यांपासून जपण्याची जबाबदारी पालकांची, हे वाक्य पालकसभेत उच्चारण्यास सोपे आहे. परंतु डहाणू तालुक्याच्या किनाऱ्यावरील वरोरसारख्या गावात ते कोणास उद्देशून उच्चारावयाचे? जेथे बाप होडीवर आणि आई मासळीची पाटी घेऊन बाजारात, तेथे मोबाइल मुलाच्याच हाती राहतो. इतकेच नव्हे, तर खात्यात आलेले पैसे पाहणे, सरकारी अर्ज भरणे ही कामेही आईबाप त्याच्याकडूनच करवून घेतात.

केंद्राच्या २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती आवश्यक ठरविली. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले व ही तरतूद त्यानंतर १८ महिन्यांनी लागू करण्याचे ठरले. हेतू स्तुत्यच आहे. पण संमतीचा मजकूर आईला वाचून दाखविणार कोण? तोच मुलगा! व्यवहारातील एका पक्षास दुसऱ्याहून अधिक माहिती असली की बाजार फसतो, असे आम्ही वर्गात शिकवितो. येथे तर आपण कशास होकार देत आहोत, हेच होकार देणारीस ठाऊक नाही.

मुले तरी जाणती आहेत काय? ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयोगटातील सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. मात्र आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरणारे ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के होते. आणि या दुसऱ्या गटातील सुमारे ६२ टक्क्यांनाच नको असलेले खाते रोखता येत होते.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये सायंकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवण्याची प्रथा पाडली. तिचे कौतुक झाले, ते योग्यच. परंतु त्यासाठी मोठी माणसे सातला घरी असावी लागतात. कोळीवाड्याचे घड्याळ भरती-ओहोटीवर चालते. शिवाय अनोळखी इसमाने मागितलेले छायाचित्र पाठवू नये, हे भोंगा शिकवीत नाही.

गृहपाठ मोबाइलवर धाडून शाळांनीच हे यंत्र घरात आवश्यक करून ठेवले आहे. तेव्हा काही भार त्यांनीही उचलावा. जूनमध्ये शाळा उघडतात, तेव्हा मासेमारीबंदीमुळे होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि बाप गावात असतो. पालकसभा त्या दिवसांत घ्यावी. तीत भाषणे नकोत. खाते कसे रोखावे, पैसे गेल्यास १९३० वर आणि मूल संकटात असल्यास १०९८ वर दूरध्वनी कसा करावा, हे आईबापांच्या स्वतःच्या बोटांनी करवून घ्यावे. मुलांना तेवढा वेळ मैदानावर पाठवावे.