पुन्हा भरा, पुन्हा भरा!

'पुन्हा इन्स्टॉल करा!' असा सल्ला देणाऱ्यांना महिनाभर कॅशच्या खिडकीत बसवावं. आटपाडीचं एखादं पोरगं डाळिंबाच्या भावांची वेबसाइट पायथनमध्ये रचतं. जँगो टाकलेला असूनही यंत्र म्हणतं, 'असलं मॉड्यूल नाही.' सल्ला ऐकून ते दहादा टाकतं आणि शेवटी आपल्यालाच डोकं नाही असं समजून नाद सोडतं. अहो, भरणा एका खात्यात आणि चेक दुसऱ्या खात्याचा, तर पुन्हा भरून तो वटेल कसा? २०१२ पासून पायथन 'व्हेन्व्ह'मधून प्रत्येक प्रकल्पाचं स्वतंत्र खातं काढून देतो. आधी विचारा, चाललाय कुठला पायथन? मग त्याच्याच नावे भरा : 'पायथन -एम पिप इन्स्टॉल जँगो'. भलत्या खात्यात भरणा घेतला तर आम्हांला मेमो मिळतो, महाराज. सल्लागाराला मिळतात आभार!