वाढदिवस ज्या महिन्यात, केक त्या महिन्याचा

ओरोसच्या सरकारी वसाहतीत संध्याकाळी एखाद्या दारासमोर लहान चपलांचा ढीग दिसला की समजायचं, आत वाढदिवस आहे. टेबलावर काय मांडलेलं असणार, तेही बाहेरूनच सांगता येतं. कुडाळहून नाहीतर कणकवलीहून आणलेला खोक्यातला केक, त्यावर मुलाचं नाव, कागदी डिशमध्ये एक समोसा, मूठभर वेफर्स आणि अर्धा ग्लास थंड पेय. बारा महिने हेच. मे महिन्यात घराघरात आंब्याच्या पेट्या उघडलेल्या असतात, तरी केक अननसाचा, तोही बाटलीतल्या वासाचा. भाद्रपदात परड्यातल्या मांडवावर तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, लोंबत असतात, तरी केक अननसाचाच.

मला हे बघवत नाही. वाढदिवसाचा केक घरी करावा, आणि ज्या महिन्यात वाढदिवस येतो त्या महिन्यात आपल्या भागात जे पिकतं त्याचाच करावा, असं माझं ठाम मत आहे. आमच्या घरी आम्ही हे गेली काही वर्षं पाळतो. त्यात काय जमतं आणि कसं जमतं, ते सांगते.

आमची सुरुवात धोंडसापासून झाली. माझ्या मुलाचा वाढदिवस भाद्रपदात, गणपती जाऊन थोडे दिवस झाले की. सासूबाई सुकळवाडच्या. एकदा मी पुस्तकात बघून गाजराचा केक करत होते, किसलेलं गाजर, गूळ, वरून काजू. त्या बाजूला उभ्या राहून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "गे, ह्यो तर आमचो धोंडास! तवसां सोडून गाजर कित्याक?" त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. पुढच्या भाद्रपदात आम्ही दोघींनी मिळून धोंडसच केला आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या.

ज्यांनी कधी केला नसेल त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते. तवसं मोठं, जून, पिवळं पडलेलं घ्यायचं. साल आणि बिया काढून किसायचं, पण किसण्याआधी दोन्ही टोकांचा तुकडा चाखून बघायचा. कडू निघालं तर सगळा ऐवज वाया जातो. तांदूळ धुऊन, वाळवून, जाडसर भरडून त्याचा रवा करायचा आणि तो तुपावर गुलाबी भाजायचा. दोन वाट्या रव्याला तीन वाट्या कीस, दीड वाटी गूळ, वाटीभर ओलं खोबरं. किसाला सुटलेलं पाणी फेकायचं नाही. त्याच पाण्यात गूळ विरघळवायचा आणि त्यातच रवा शिजवायचा. वेलची, चिमूटभर मीठ, काजूचे तुकडे. मग जाड बुडाच्या टोपाला तूप लावून, तळाशी केळीचं पान घालून मिश्रण थापायचं. सासूबाईंच्या माहेरी टोप चुलीवर मंद आचेला ठेवत आणि झाकणावर निखारे पसरत, म्हणजे खालून-वरून सारखी धग लागे. आता मी ओव्हनमध्ये 180 अंशांवर पाऊण तास ठेवते. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी गॅसवर जाड तवा ठेवून त्यावर टोप ठेवावा आणि आच अगदी बारीक करावी.

पूर्ण थंड झाल्याशिवाय धोंडस कापायचा नाही, नाहीतर मोडतो. हीच गोष्ट वाढदिवसाच्या घराला सोयीची पडते. आदल्या रात्री करून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी चव जास्त मुरते. मैदा नाही, अंडं नाही, सोडासुद्धा नाही. वसाहतीत कोण अंडं खातं आणि कोण खात नाही हे विचारत बसावं लागत नाही. लहान मुलं येणार असतील तर काजू अख्खे घालू नयेत, भरड करून घालावेत, घशात अडकतात.

धोंडस कळला की बाकीचे महिने आपोआप सुचत जातात. एप्रिल-मेमध्ये बारीक रवा, दही, साखर, तूप आणि हापूसचा रस एकत्र करून अर्धा तास फुलू द्यायचं, शेवटी सोडा घालायचा. रंग घालायची गरजच पडत नाही. जूनच्या तोंडावर बरका फणस पिकतो, तेव्हा सांदणं. वाट्यांमध्ये उकडलेली सांदणं ताटात रचून मधल्या सांदणावर मेणबत्ती लावली आणि बरोबर नारळाचं दूध दिलं तर मुलांना आणखी काही लागत नाही. श्रावणात हळदीच्या पानातल्या पातोळ्या. थंडीत नाचणीचं पीठ, गूळ आणि नारळाचं दूध घालून केलेला केक. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं म्हणून जाहीर केलं होतं. तेव्हा नाचणीच्या केकचे फोटो सगळ्यांनी एकमेकांना पाठवले. वर्ष संपलं आणि नाचणी पुन्हा तान्ह्या बाळाच्या सत्त्वापुरती उरली, याचं मला वाईट वाटतं.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात. एका बाजूचे म्हणतात, केकच कशाला? आपल्यात औक्षण असतं, दिवा लावतात, विझवत नाहीत. औक्षण आम्हीही करतो, आणि आधी करतो. मुलाला पाटावर बसवून सुपारी आणि अंगठीने ओवाळतो, निरांजन देवापुढे ठेवतो. त्यानंतर त्याच्या मित्रांसमोर मेणबत्ती फुंकण्याचा त्याचा आनंद काढून घ्यावा असं मला वाटत नाही. परकं म्हणून टाकायला लागलो तर काजूही टाकावा लागेल. तो पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलमधून आला. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने त्याच्या वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 अशा जाती दिल्या आणि आज तो आपल्या जिल्ह्याचं पोट भरतो. केरळात थलश्शेरीला मांबळ्ळी बापू यांनी 1883 मध्ये एका इंग्रज मळेवाल्यासाठी नाताळचा केक केला. भारतातला पहिला नाताळचा केक म्हणून त्याचं नाव घेतात. त्यांनी परदेशी ब्रँडीऐवजी स्थानिक काजूबोंडांची दारू वापरली, असं सांगितलं जातं. म्हणजे आपल्याकडे केक आला तोच इथला माल पोटात घालून आला.

दुसऱ्या बाजूचे म्हणतात, धोंडसाला केकचं रूप नाही, क्रीम नाही, मुलं हसतील. क्रीमबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. स्वस्त केकवरचं ते पांढरं शुभ्र, उन्हाळ्यातही न वितळणारं क्रीम बहुतेक वेळा दुधाचं नसतंच. ते वनस्पती तेलापासून केलेलं असतं. अशा स्निग्ध पदार्थांतल्या ट्रान्स फॅटची मर्यादा सरकारने जानेवारी 2022 पासून 2 टक्क्यांवर आणली, यावरून ती चरबी किती वाईट असते याचा अंदाज यावा. रंगांचंही तेच. 2024 मध्ये शेजारच्या कर्नाटकात अन्नसुरक्षा विभागाने केकचे 235 नमुने तपासले, त्यांतल्या 12 नमुन्यांमध्ये घातक कृत्रिम रंग सापडले. रेड व्हेल्वेट आणि ब्लॅक फॉरेस्ट हे मुलांचे लाडके केक त्यांत होते. बाकीचे नमुने ठीक निघाले, हेही सांगायला हवं. बेकरीवाले सगळे वाईट नसतात. पण आपल्या मुलाच्या तोंडात पहिला घास घालताना त्यात काय आहे हे आपल्याला माहीत असावं, एवढी अपेक्षा आईबापांनी जरूर ठेवावी. आणि तोंडावर फवारायचा तो फेस आधी बंद करा. त्यातला वायू पेट घेणारा असतो आणि समोर मेणबत्त्या जळत असतात. आमच्या घरी तो डबा कुणी आणला तर दारातच काढून घेतला जातो.

आता कामाचं. घरी करा म्हटलं की सगळ्यात आधी बायका दचकतात, आणि त्यांचं बरोबर आहे. मीही नोकरी करते. साडेपाचला कार्यालयातून सुटून तीस पोरांसाठी एकटीने केक, घावणे, उसळ आणि सरबत करायचं असेल, तर त्यापेक्षा बाजारातला केक परवडला. म्हणून बेत आखताना पदार्थांची यादी करण्याआधी माणसांची यादी करावी. आमच्याकडे तवसं किसणं आणि नारळ खवणणं नवऱ्याकडे. कोकमचं आगळ पाण्यात घालून सरबत करणं मुलीकडे. आदल्या दिवशी काळे वाटाणे भिजत घालायची आठवण सासूबाईंकडे. ज्याचा वाढदिवस तो पत्रावळी मांडतो आणि उचलतो. मार्च 2018 मध्ये राज्यात थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली, तेव्हापासून पत्रावळी पुन्हा सहज मिळू लागल्या आहेत, त्या घ्याव्यात.

आणि शेजारपाजारी. ओरोसची खरी श्रीमंती तिथे आहे. 1 मे 1981 ला रत्नागिरीतून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला, आणि त्याचं मुख्यालय या गावात वसवलं गेलं. त्यामुळे इथे मालवणी माणसाच्या भिंतीला भिंत लावून नांदेडचं, साताऱ्याचं, कोल्हापूरचं बिऱ्हाड असतं. बदलीवर आलेलं कुटुंब तीन-चार वर्षं राहतं आणि जातं. त्यांच्या मुलांनी इथून जाताना कसली चव न्यावी? अननसाच्या इसेन्सची चव त्यांना नांदेडलाही मिळेल. म्हणून आम्ही शेजारणींना सांगतो, भेटवस्तू आणू नका, तुमच्याकडचा एक पदार्थ आणा. कोल्हापूरच्या वहिनी भडंग आणतात. साताऱ्याकडच्या काकू कंदी पेढे आणतात, माहेरी जाऊन आल्या असतील तर. आम्ही घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ करतो. घावणे गरम लागतात, म्हणून दोन तव्यांवर दोघं उभे राहतात, पाळीपाळीने. मे महिना असेल तर फणसाचे तळलेले गरे, मग वेफर्सचं नाव कुणी काढत नाही. मालवणच्या जत्रेतला खाजा घरात उरलेला असला तर तोही फोडून वाटीत ठेवायचा. मुलं गूळ आणि आल्याची ती कांडी चघळत बसतात.

विजेवर मात्र फार भिस्त ठेवू नये. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा जिल्ह्यात खांब आडवे झाले आणि कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. माझ्या मुलीचा वाढदिवस त्याच आठवड्यात. टाळेबंदीही होती, कुणाला बोलावायचा प्रश्न नव्हता. फ्रिज बंद, ओव्हन बंद, आणि वाऱ्याने पाडलेले आंबे पोत्यांनी घरात. तेव्हा मागच्या अंगणात चूल मांडून, टोपात खाली वाळू घालून त्यावर केकचं भांडं ठेवलं. रव्याचा तो आंबा-केक एका बाजूने जरा जास्त खरपूस झाला. मुलगी अजून तसाच खरपूस कर म्हणून मागते.

मोठ्यांचे वाढदिवसही या हिशेबात घ्यावेत. आपल्या आधीच्या पिढीत किती जणांची जन्मतारीख 1 जून आहे बघा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख लिहिली, तीच जन्मभर चिकटली. आमच्या या कार्यालयांच्या गावात तर 31 मेला निरोपसमारंभांची रीघ लागते, कारण महिन्याच्या एक तारखेचा जन्म असेल तर सरकारी नोकर आदल्याच दिवशी निवृत्त होतो. माझे सासरेही कागदावर 1 जूनचेच. पण त्यांची आई म्हणायची, हा नारळी पुनवेच्या सुमाराला झाला. मग आम्ही नारळी पौर्णिमाच धरली. त्या दिवशी घरात नारळीभात होतो, त्याची मूद पाडायची आणि तीच त्यांच्यापुढे ठेवायची. सत्तरी ओलांडेपर्यंत त्यांचा वाढदिवस कधी कुणी केला नव्हता. आता पुनव जवळ आली की ते स्वतः नारळ सोलून ठेवतात.

शाळेत वर्गभर चॉकलेटं वाटण्याची पद्धतही बदलता येईल. 2021 पासून शालेय पोषण आहार पीएम पोषण या नावाने चालतो आणि त्यात तिथीभोजनाला जागा आहे. वाढदिवसाच्या किंवा सणाच्या निमित्ताने पालकांनी, गावकऱ्यांनी मुलांच्या रोजच्या जेवणात एखादा चांगला पदार्थ द्यायचा. जिल्हा परिषदेच्या लहान शाळेत पट कमी असतो, तिथे एका धोंडसात किंवा टोपभर खिरीत सगळी शाळा खाते. मुख्याध्यापकांशी आधी बोलून ठेवावं, एवढंच.

शेवटची विनंती ओरोस, कसाल, कुडाळ, कणकवली या भागात घरून केक करून विकणाऱ्या बायकांना आणि बचतगटांना आहे. तुम्ही अन्नसुरक्षेची नोंदणी करता, तुमच्याकडे ओव्हन आहेत, खोकी आहेत, गिऱ्हाईक आहे. ज्या आईला खरोखरच वेळ नाही ती तुमच्याकडेच येणार. तुमच्या यादीत ब्लॅक फॉरेस्टच्या खाली भाद्रपद ते दिवाळी धोंडस लिहा, मेमध्ये हापूसचा रवा-केक लिहा, जूनमध्ये सांदणं लिहा. किलोचा भाव लिहा आणि वर मेणबत्ती लावलेला फोटो टाका. पहिली ऑर्डर माझी धरा. मुलाचा वाढदिवस भाद्रपदात आहे, आणि यंदा धोंडस दोन हवेत, एक घरी आणि एक शाळेत.