विश्लेषण : अंगाने भरलेल्या महिलांची हाडे खरेच मजबूत असतात का?

वसई-विरारमध्ये डोक्यावर पाटी घेऊन फिरणारी मासळीविक्रेती असो वा पहाटेची विरार लोकल गाठणारी नोकरदार महिला, चाळिशीनंतर अनेकींची तक्रार सारखीच असते : पोट सुटले, कंबर दुखते. तरीही ‘अंगाने भरलेलीची हाडे मजबूत’ हा समज कायम आहे.

शरीराचा आकार का बदलतो?

इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे चरबी प्रामुख्याने मांड्या आणि नितंबांवर साठते. रजोनिवृत्तीच्या सुमारास ते घटते आणि चरबी पोटावर साठू लागते. वजन तेवढेच राहिले तरी कंबर वाढते, स्नायू कमी होतात. पाश्चात्त्य देशांत रजोनिवृत्तीचे सरासरी वय सुमारे ५१, तर भारतात ४६-४७ आहे.

हाडांवर परिणाम काय?

हाड सतत झिजते आणि नव्याने तयार होते. इस्ट्रोजेन या झिजेला लगाम घालते. तो सुटल्यावर पहिल्या ५ ते ७ वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत घटू शकते.

मग जास्त वजनाचा फायदा नाही?

काही अंशी आहे. वजनाचा भार हाडांना बळ देतो, चरबीतही थोडे इस्ट्रोजेन तयार होते. मात्र पोटातील खोलवरची चरबी दाह वाढवणारे घटक सोडते आणि ते हाडांना मारक ठरतात. भारतीयांमध्ये ‘बीएमआय’ कमी असूनही चरबी जास्त असू शकते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून पुढे आले. त्यामुळे वजनकाट्याइतकीच मोजपट्टीही महत्त्वाची. महिलांसाठी ८० सेंटीमीटरपेक्षा जास्त कंबर हा इशारा मानला जातो. अर्थात, फार कमी वजन हाही फ्रॅक्चरचा धोका वाढवणारा घटक आहे.

तपासणी कोणती?

रक्तातील कॅल्शियम ‘नॉर्मल’ आले म्हणजे हाडे ठीक, असे नाही. शरीर हाडांतले कॅल्शियम काढून रक्तातली पातळी राखते. घनता कळते ती ‘डेक्सा’ चाचणीतून. ‘टी-स्कोअर’ उणे २.५ किंवा त्याखाली असल्यास ऑस्टिओपोरोसिस समजला जातो. लवकर पाळी थांबलेल्या, अंडाशय काढलेल्या किंवा साध्या पडण्याने हाड मोडलेल्या महिलांनी याबाबत डॉक्टरांना विचारावे.

काय करता येईल?

लोकलमध्ये तासभर उभे राहणे पुरेसा व्यायाम नाही. भरभर चालणे, जिने चढणे आणि झेपेल तेवढे वजन उचलणे उपयोगी ठरते. दूध, नाचणी, तीळ यांबरोबर सुकट, जवळा यांतूनही कॅल्शियम मिळते. ड जीवनसत्त्वाच्या किंवा संप्रेरकांच्या गोळ्या मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.